नदीकडे पाठ

फार पूर्वीची गोष्ट. इतकी पूर्वीची, की तेव्हा नद्यांवर पूल नव्हते आणि म्हशी बोलायच्या. बोलतात त्या आताही, पण ऐकायला थांबतो कोण? तर लहानांनी ऐका, आणि मोठ्यांनी जरा जास्तच कान देऊन ऐका, कारण ही चूक लहान मुलं करत नाहीत.

एका डोंगराच्या पायथ्याशी एक नदी होती. तिच्या अलीकडे एक गाव, पलीकडे एक गाव. अलीकडची माती काळी, पलीकडची तांबडी. नदीत खडकच खडक, त्यामुळे नाव चालायची नाही. एका जागी मात्र पाणी पसरून उथळ व्हायचं. तोच उतार. दोन्ही गावांची शेतं, सोयरिकी, बाजार, सगळं त्या उतारावरून चालायचं.

नदी भारी लबाड होती. इथे लख्ख ऊन असायचं आणि वर डोंगरात पाऊस कोसळून गेलेला असायचा. मग बघता बघता पाणी चढायचं आणि मधल्या माणसाला काही कळायच्या आत उचलून न्यायचं. म्हणून उतारावर एक राखणदार असे. सकाळी तो पाणी बघायचा. बरं वाटलं तर म्हणायचा, "चला." नाही वाटलं तर काठावर रोवलेल्या मेढीला तांबडं फडकं बांधायचा. फडकं चढलं की त्या दिवसापुरता उतार बंद.

आणि त्या गावांची एक रीत होती. फडकं चढलं म्हणजे नदीमाय रागावली. रागावलेल्या बाईकडे कोणी टक लावून बघतं का? मग सगळे नदीकडे पाठ फिरवायचे. नदीकडच्या खिडक्या लावून घ्यायचे. राखणदारही घरी जायचा, कारण त्याचं काम संपलेलं असायचं. ही रीत नीट लक्षात ठेवा, सगळं घोडं तिथेच पेंड खातं.

आता आपली हौसा. तरणेपणीच नवरा गेला, पदरात एक लेक राहिली. उताराची राखण तिच्या सासऱ्यांकडे होती. त्यांच्या डोळ्यांत फूल पडलं तेव्हा त्यांनी सुनेला हाक मारली आणि म्हणाले, "पोरी, आता हे तुझं. बघत राहा."

"काय बघत राहू, मामंजी?"

"ते बघितलंस की कळेल," म्हातारा म्हणाला. पुढे काही विचारावं तर तो निवांत डोळे मिटून बसला, आणि थोड्याच दिवसांत गेलाही.

सुरुवातीला सगळं बरं चाललं. हौसा पाणी बघायची, 'चला' म्हणायची, लोक जायचे-यायचे. मग एका सकाळी गावातला कासार बांगड्यांची पेटी डोक्यावर घेऊन आला. पाणी नितळ होतं. आभाळ निरभ्र होतं. हौसा हसून म्हणाली, "चला कासारभाऊ, पलीकडच्या बायका वाट बघतायत."

कासार मधोमध पोचला आणि वरून पाणी आलं. हौसा ओरडली, काठाकाठाने धावली, काट्यांत पडली. कासार दिसलाच नाही. खाली वळणावर नुसती पेटी सापडली, आणि वाळूत कितीतरी दिवस हिरव्या बांगड्यांचे तुकडे चमकत राहिले.

कोणी तिला बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं. त्याऐवजी गाव पारावर बसून खुणा शोधायला लागला. एकजण म्हणाला, "त्या सकाळी बगळे अलीकडच्या काठावर रांगेने बसले होते, मी बघितलं." दुसरा म्हणाला, "पाण्यावर पांढरा फेस होता." तिसऱ्याला डोंगरावरचं धुकं आठवलं. हौसाने प्रत्येक खूण मनावर कोरून घेतली. परत असं होऊ द्यायचं नाही, काही झालं तरी नाही.

तेव्हापासून बगळे अलीकडे दिसले की फडकं. फेस दिसला की फडकं. डोंगरावर धुकं असलं की फडकं. पुढे पुढे वाऱ्याने तोंड फिरवलं तरी फडकं, आणि हौसाचा डोळा लवला तरी फडकं! महिन्यातले चार दिवस उतार उघडा राहिला तरी खूप झालं.

पण बुडालं कोणी नाही. पाण्यात उतरेल कोण आणि बुडेल कोण? घरात बसलेला माणूस नदीत बुडत नाही, एवढं तर शेंबड्या पोरालाही कळतं. गावाला मात्र कौतुक वाटायचं. पाटील चारचौघांत म्हणायचे, "हौसाचं फडकं एकदाही खोटं ठरलं नाही."

हे ऐकलं की हौसाने सुखावायला हवं होतं. तिला मात्र चैन पडायची नाही. ती घरात जायची, बाहेर यायची. भाकरी तव्यावर करपायची. खिडकी लावलेली असली तरी कान नदीकडे लागलेले असायचे. खरंच चढलंय का पाणी? की नाही? उठून बघावं तर रीत आड यायची. मग ती नुसतीच या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत फेऱ्या घालायची. आपल्याला कळतं असं सगळा गाव म्हणतो, आणि आपल्याला काहीच कळत नाही, हे तिचं तिला ठाऊक होतं.

अशात तिच्या लेकीला, केसरला, दिवस गेले. केसर पलीकडच्या गावात दिलेली. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, ही रीत तर होतीच, पण नुसत्या रितीची गोष्ट नव्हती. पलीकडच्या गावात सुईण नव्हती. आदल्या वर्षी तिथे एक पोर अडली आणि बाळासकट गेली. सुईण होती ती अलीकडे, आणि म्हातारीचे गुडघे गेलेले, ती काही पाण्यात उतरायची नाही. डोंगराला वळसा घालून जायचं तर पोटुशा बाईला ते जमणारं नव्हतं.

सातवा लागला तशी केसर रोज सकाळी गाठोडं घेऊन पलीकडच्या काठावर यायला लागली.

"आई, आज येऊ?"

हौसा पाणी बघायची. फेस असायचा. नाहीतर बगळे असायचे. "आज नको गं!"

फडकं चढायचं. केसर गाठोडं उचलायची, पाठ फिरवायची आणि हळूहळू चढण चढून जायची. उतार उघडा असेल त्या एखाद्या दिवशीही भरल्या पोटाच्या लेकीला 'ये' म्हणायचा हौसाचा धीर व्हायचा नाही. सातवा सरला, आठवा सरला. लेकीची पाठ रोज वाकत चालली होती, आणि रितीप्रमाणे तोंड फिरवण्याआधी हौसाला ती ओझरती दिसायची.

"आई, मी काय कासारमामा आहे का गं, लगेच वाहून जायला?" एकदा केसर चिडून ओरडली. हौसाने फडक्याची गाठ आणखी घट्ट केली.

हौसाची एक म्हैस होती, चांदी. म्हातारी, कपाळावर पांढरा ठिपका, तोंडाने फटकळ. एका संध्याकाळी हौसा तिची धार काढायला बसली आणि तिचा हात थबकला. चांदीच्या शिंगांना तांबडी माती लागली होती.

"चांदे, ही माती कुठली?"

"पलीकडची. अलीकडे तांबडी माती आहे का?"

"आज तर फडकं होतं!"

"होतं की," चांदी रवंथ करत म्हणाली. "फडकं असलं की पलीकडे गवत खायला कोणी नसतं. मी रोज जाते."

हौसाने चरवी खाली ठेवली. "रोज? आणि पाणी?"

"कधी गुडघाभर, कधी पोटाला लागतं. दोनदा चढलं होतं, तेव्हा नाही गेले."

"म्हणजे मी रोज खोटं फडकं चढवते?"

"मला काय ठाऊक? तू रोज फडकं चढवतेस आणि पळून जातेस. खरं निघालं की खोटं, हे बघायला थांबलीस कधी? तुझा सासरा शहाणा. फडकं बांधलं की गुपचूप यायचा, माझ्या आडोशाला बसायचा आणि दिवसभर पाण्याकडे बघायचा. 'चुकलो गं चांदे' म्हणायचा कधी कधी. आणि हसायचा."

हौसाला सासऱ्यांचे शब्द आठवले. बघत राहा, म्हातारा म्हणाला होता. कधी बघत राहा, ते सांगायचं धाडस रितीपुढे त्यालाही झालं नव्हतं. तिला राग आला, मग रडू आलं. मग तिने पदराने तोंड पुसलं आणि धार पुरी केली, कारण चांदी खोळंबली होती.

दुसऱ्या दिवशी फेस होता. हौसाने फडकं चढवलं आणि घरी न जाता काठावर बसली, नदीकडे तोंड करून.

गावात हलकल्लोळ झाला. पाटील पाठमोरेच चालत काठापर्यंत आले, नदी दिसू नये म्हणून, आणि दोनदा ठेचकाळले. "हौसा, भलतंच काय हे! नदीमाय कोपली तर?"

"कोपते की नाही तेच बघतेय, पाटील."

"अगं, तुझं फडकं आजवर खोटं ठरलं नाही, मग हवंय कशाला हे?"

"ठरलं असतं तर तुम्हाला दिसलं असतं का? तुमची तर पाठ आहे इकडे."

पाटील सरळ गावाकडे चालायला लागले. पण गाव तिला चळलेली म्हणायला लागला. उद्या दुसरा राखणदार बघू, अशी कुजबुज सुरू झाली. दिवसभर ती एकटी बसली. पाणी चढलं नाही.

तिसऱ्या दिवशी तिच्या शेजारी कोणीतरी येऊन बसलं. तीही नदीकडे तोंड करून. बघते तर कासारीण. कासार गेल्यापासून दोघी समोरासमोर आल्या की हौसा वाट बदलायची.

आज हौसा उठून गेली नाही. मग कासारीण म्हणाली, "हौसे, त्या दिवशी तू काय बघितलं होतंस? लोकांनी मला बगळे सांगितले, धुकं सांगितलं. तू काय बघितलंस ते कोणी विचारलंच नाही."

"वहिनी, मी..." हौसाने पाण्याकडे बोट दाखवलं. "पाणी नितळ होतं. आणि... वाळकी पानं होती. थोडी पानं आणि काटक्या तरंगत आल्या होत्या. मला वाटलं, कचरा आहे."

"मग पानांकडेच बघ," कासारीण म्हणाली. "बगळे काय, बगळे रोजच असतात. तुझं लक्ष नव्हतं."

त्यानंतर दोघी रोज बसायला लागल्या. हौसा कमरेला दोर बांधून पाण्यात उतरायची, आणि दोराचं दुसरं टोक कासारीण धरायची. ज्या बाईच्या शब्दावर नवरा गेला, तिचाच जीव ती हातात धरून उभी असायची. मी तरी एवढं मोठं मन दुसरं ऐकलेलं नाही.

बघून बघून काय कळलं? बगळ्यांना मासे कळतात, पूर कळत नाही. पांढरा फेस खडकांमुळे येतो, तो आपला येतो आणि जातो. धुकं तर दोघींनी सोडूनच दिलं. पण वाळकी पानं आणि काटक्या आल्या की बऱ्याचदा मागून पाणी यायचं. आणि त्याआधी खडकांतली खळखळ जरा दबायची, घुमल्यासारखी व्हायची. बऱ्याचदा, हं. नेहमी नाही. कधी पानं यायची आणि पाणी तिथल्या तिथेच राहायचं. तेव्हा हौसा कपाळाला हात लावायची.

"चांदे, पक्कं सांग ना, कोणती खूण खरी?"

"पक्कं हवं असेल तर विहिरीवर राखण कर," चांदी म्हणायची. "ही नदी आहे."

समोर पलीकडच्या काठावर केसरही बसायला लागली होती, तोंड इकडे करून. मायलेकी दिवसभर एकमेकींना बघायच्या. पण हौसाचा धीर होईना. स्वतः दोर बांधून उतरणं वेगळं आणि भरल्या पोटाच्या लेकीला 'ये' म्हणणं वेगळं.

मग एका सकाळी केसर आली ती कंबर धरूनच. "आई, कळा सुरू झाल्यात!"

हौसाने नदीकडे बघितलं. आणि बघा दैव कसं असतं! बगळे अलीकडच्या काठावर रांगेने बसलेले. पाण्यावर पांढराशुभ्र फेस. डोंगरावर धुकं.

पाटील धावत आले. फडकं अजून चढलं नव्हतं, त्यामुळे तोंड नदीकडेच होतं. "हौसा, फडकं चढव! अगदी कासाराच्या दिवसासारखा दिवस आहे. पोटच्या पोरीला मारतेस का?"

हौसाने मेढीकडे बघितलं. हात फडक्याकडे गेला. नाही म्हणणं किती सोपं होतं! नाही म्हटलं आणि पोर पलीकडे अडून गेली, तर दोष नदीला गेला असता. हौसाच्या नावाला धक्का लागला नसता.

तिने पाण्यावर नजर फिरवली. पान नव्हतं. काटकी नव्हती. कान दिला. खळखळ मोकळी होती.

"खात्री आहे का तुझी?" पाटलांनी विचारलं.

"नाही," हौसा म्हणाली. "पण आज मला 'ये' म्हणावंसं वाटतंय, आणि का वाटतंय ते मला ठाऊक आहे."

तिने दोर कमरेला बांधला, चांदीला पुढे घातलं आणि पाण्यात उतरली. कासारिणीने दोर धरला. पलीकडे पोचून हौसाने तो दोर लेकीच्या बगलेखालून घेतला, तिचा एक हात चांदीच्या पाठीवर ठेवला, दुसरा स्वतःच्या खांद्यावर. तिघी निघाल्या. कळ आली की केसर थांबायची, चांदीही थांबायची.

अर्ध्याहून थोडं पुढे आल्या आणि हौसाच्या मांडीला काहीतरी चिकटलं. वाळकं पान. मग आणखी एक. मग काटक्या.

"आई, कळ येतेय, जरा थांबू..."

"आता थांबायचं नाही, केसर! कळ असली तरी चाल! चांदे, चल बाई! वहिनी, ओढा!"

कासारिणीने दोर ओढला. पाटलांनीही तिच्यामागे दोर धरला, धोतराचा सोगा सुटला तरी सोडला नाही. केसर किंचाळत, शिव्या देत, आईचा खांदा आवळत चालली. तिघी काठावर चढल्या, आणि मागे खडकांतला आवाज घुमला. पाणी आलं. मेढीच्या बुंध्यापर्यंत आलं. हौसा लेकीला छातीशी धरून बसली.

संध्याकाळी बाळ रडलं. मुलगी झाली, मायलेकी सुखरूप.

आता तुम्ही म्हणाल, संपली गोष्ट. थांबा की जरा!

दुसऱ्या दिवशी पारावर दोन तट पडले. एक तट म्हणाला, "बगळे होते आणि पाणी आलं. म्हणजे बगळेच खरे!" दुसरा म्हणाला, "बगळे असून पोर सुखरूप आली. आता फडकं जाळून टाका!" दोन्ही तट भांडत हौसाकडे आले.

हौसा नातीला मांडीवर घेऊन बसली होती. ती म्हणाली, "अरे, एका दिवसावरून नदी शिकता येत नाही. कासारभाऊ गेले त्या एका दिवसावरून मी शिकायला गेले, तर काय झालं बघितलंत ना? रोज बघावं लागतं. आणि फडकं चढवल्यावर तर जास्तच बघावं लागतं."

पुढच्या आठवड्यात एका सकाळी पाण्यावर पानं आली. खळखळही जरा दबल्यासारखी वाटली. बाजाराचा दिवस, लोक टोपल्या घेऊन उभे. हौसाने फडकं चढवलं. लोक कुरकुरले, आणि सवयीने पाठ फिरवायला लागले.

"पाठ नाही फिरवायची!" हौसा कडाडली. "बसा सगळे. तोंड नदीकडे."

सगळा गाव काठावर बसला. पाटील पुढे, कासारीण शेजारी, केसर बाळाला पदराखाली घेऊन. दुपार झाली. पाणी आलं नाही. उन्हं कलली. पाणी आलं नाही. चांदी तर मधोमध जाऊन डुंबत बसली.

कोणीतरी फिस्सकन हसलं. मग सगळेच हसायला लागले. हौसाने फडकं सोडलं, खांद्यावर टाकलं आणि ती गावाकडे वळून म्हणाली, "चुकले मी आज. बरं झालं बाई, कळलं तरी!"

ती स्वतःही हसत होती. कासारीण तर डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. त्या रात्री हौसाने नदीकडची खिडकी उघडी ठेवली आणि फेऱ्या न घालता गाढ झोपली.

आणि त्या दिवसापासून दोन्ही गावांची रीत बदलली. फडकं चढलं की सगळे नदीकडे तोंड करून बसतात.

बोध एवढाच: आपला निर्णय बरोबर निघाला की चुकला हे जो वळून बघत नाही, तो जन्मभर निर्णय घेतो, पण शिकत काही नाही.